रोडावरचे गोटे

मी मोहाडीकडचा, जी. मायबाप दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या वावरात, रोवणं कराले जात. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला नव्हता तवा मी बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून लागलो, म्हणजे रोडाचा मजूर, खड्डे भरा, कडेचं गवत काढा, पुलाच्या कठड्याले चुना मारा. जिल्हा तुटला, सायब बदलले, माझा रोडाचा तुकडा तोच राहिला. काय सांगू तुमाले, घरच्या आंगणापेक्षा तो रोड मले जास्त माहीत होता.

हिवाळा आला का माझ्या जिवाले घोर लागे. तिकडून धान निघते आन् इकडून धुई पडते, दाट धुकं. धान वाळवाले लोकाइले जागा नाई, मंग डांबरी रोडावर घालतेत, गाड्याइनं तुडवू नये म्हणून भोवताल गोटे लावतेत, टरबुजाएवढे. संध्याकाळी धान भरून नेतेत, गोटे तसेच. सकाळी धुईत हाताले हात दिसत नाई, मंग फटफटीवाल्याले गोटा काय दिसन? मी घरोघरी सांगत फिरो. बापाहो, धान घाला, मी नाई म्हणत नाई, पण उचलताना गोटे बी उचला, धानाचं तणीस रोडावर सोडू नका, बैलबंडीच्या मागं चमकणारी लाल पट्टी लावा. लोक म्हणत, रोड तुमच्या बापाचा हाये का. मी म्हणो, नाई जी, तुमच्या लेकराइचा हाये. ते हसत आन् घरात जात.

मंग मी रिटायर झालो. घरवालीनं, कौसल्यानं, अधियानं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, बांधी केली. त्या वर्षी कापणीत पाणी आलं, धान ओलं झालं, कोंब फुटाले आले. ती म्हणे, आंगणात ऊन नाई, रोडावर घालू. मी म्हटलं, जनमभर लोकाइले सांगतलं, आता मीच घालू? ती म्हणे, मंग वर्षभर खाऊ काय? घातलं. गोटे मीच लावले, ह्याच हातानं. संध्याकाळी धान पोत्यात भरलं, कंबर धरली होती, म्हटलं गोटे सकाळी उचलू.

सकाळी उठलो त धुई. रोडाकडं निघालो, तवाच आवाज आयकला. आमच्याच मोहल्ल्यातली प्रमिला, अंगणवाडीची बाई, विहारात लेकराइले वंदना शिकवे, मले मोठेबाबा म्हणे. माझ्याच गोट्यापाशी स्कुटी आडवी, बाई कडेले पडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. वळखलं मले तिनं. म्हणे, मोठेबाबा, गोटा होता जी. येवढंच बोलली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, तिथं गेली.

गोटे कोणाचे, कोणी विचारलं नाई. रोडावर सगळ्याइचेच गोटे. कौसल्या म्हणे, चूप राहा. मी आठ दिवस चूप राहिलो. मंग प्रमिलाच्या नवऱ्याकडं गेलो, उंबऱ्यात बसलो, सांगतलं, ते गोटे माझे होते. त्यानं पाण्याचा लोटा पुढं ठेवला. मंग म्हणे, बाबा, तुमीच त सांगत होते ना आमाले. त्यानं शिवी देल्ली असती त बरं झालं असतं.

ग्रामसभेत उभा राहून बी सांगतलं. वाटलं, आता त उचलतीन. पुढच्या हिवाळ्यात प्रमिलाच्या दिरानंच रोडावर धान घातलं, गोटे लावले, आन् संध्याकाळी तसेच सोडून गेला. त्याले काय बोलू मी? कोणत्या तोंडानं?

आता गुडघे गेले माझे. धुई पडली का काठी घेऊन निघतो, जेवढे होतेत तेवढे कडेले लोटतो. दुपारी लोक फिरून आणून लावतेत. म्हणतेत, बुढ्याचं डोकं फिरलं. फिरलं असन. मी लोटले म्हणून ती पोरगी काही परत येत नाई, आन् मी मेल्यावर हे काम कोणी करन, असं बी वाटत नाई.

तुमी लाखनीकडं जाऊन राहिले ना? धुई हाये, ऊन निघेपर्यंत बसा, जी. घरचे वाट पाहून राहिले असतीन, पाहू द्या. उशिरा जा, पण पोचा.