डावीकडची कोरी जागा

मंडळी, कामंधामं टाकून तुम्ही सगळे दवाखान्याच्या अंगणात जमलात. मला सभेत बोलायची सवय नाही. तीन वर्षं मी इथे खुर्दबिनीला डोळा लावून काचेवरचं रक्त तपासते. काचेशी बोलावं लागत नाही. शिवाय मी थकले आहे. कालच हैदराबादेहून परत आले. तेव्हा जे पाहिलं, तेवढंच सांगते.

डॉक्टरसाहेब डोक्यातल्या गाठीनं गेले. दारूनं नाही. पुन्हा सांगते, दारूनं नाही.

साहेब सकाळच्या पारी झोकांड्या खातात, दारावर आदळतात, असा अर्ज इथूनच सरकारात गेला होता. "लई लावून येतो बे डाक्टर!" हे मी चावडीजवळून जाताना कानांनी ऐकलं. त्या अर्जावर साहेबांची नोकरी गेली. वहिनी समोर बसल्या आहेत. नवऱ्यापायी विहिरीवर त्यांना काय काय ऐकावं लागलं, ते तुम्हाला माहीत आहे.

पण दोष तुमचाच आहे, असं मी म्हणणार नाही.

सरकारी कारभार उर्दूत, म्हणून आपल्या दवाखान्याचं रजिस्टरही उर्दूत असतं. उजवीकडून लिहायचं. साहेब रोग्याचं नाव लिहीत, आजार लिहीत, आणि ओळीच्या मध्येच थांबत. डावीकडे औषध लिहायचं, ती जागा कोरी. डोळे चांगले होते. डावी बाजू म्हणून काही असते, हेच मेंदू विसरत चालला होता. दारावर आदळायचे तेही डाव्याच खांद्यानं. आदळले की हसून विचारायचे, "बाई, ही चौकट कुणी सरकवली?"

कोरी जागा आपले कंपाउंडर रहमतभाई भरायचे. मी एकदा विचारलं, "हे किती दिवस चालायचं?"

"साहेब थकलेत, बाई. मी भरतो ना. कावून बोभाटा करायचा?"

मी त्यांचं ऐकलं. पुढे मीही भरू लागले. साहेबांच्या डाव्या अंगानं चालू लागले, दार आलं की हात धरू लागले. एकाही रोग्याला चुकीचं औषध गेलं नाही. म्हणूनच आजार कुणाला कळला नाही. रहमतभाईंनी मायेनं केलं. मी तर शिकलेली होते. मी काय केलं?

नोकरी गेल्यावर साहेबांना हैदराबादेला हलवलं. तिथे दवाखान्याच्या खाटेवर ते मला म्हणाले, "मेल्यावर तरी माझ्या डोक्यात काय हाय ते बघा. जितेपणी तर कुणाला गावलं न्हाई." वहिनींनी होकार दिला. साहेब गेल्यावर, ज्यांच्याकडे मी हे काम शिकले त्या गुरुजींकडे मी मेंदूचे पातळ काप घेतले, चांदीच्या क्षारात रंगवले, आणि पाहिले.

मेंदूत निरोप नेणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आधार देणाऱ्याही असतात. ताऱ्यासारख्या, चहूकडे हातपाय पसरलेल्या. साहेबांची गाठ ह्या आधाराच्या पेशींतूनच उपजली होती. गाठीच्या कडेला ज्या चांगल्या उरल्या होत्या, त्या फुगून दाट उभ्या होत्या. आधी वाटलं, कुंपण घातलंय. मग दुसरा काप पाहिला, तिसरा पाहिला. त्या दाटीतूनच गाठ पुढे सरकलेली होती. त्या तिला अडवत होत्या, की वाट देत होत्या, की पोसतही होत्या? मला माहीत नाही. मेलेला काप पाहून ते सांगता येत नाही. माझ्या गुरुजींनाही सांगता आलं नाही. आणि पेशींना माणसासारखं मन नसतं. त्यांच्या आडून मी स्वतःला माफ करून घेणार नाही.

वेळीच कळलं असतं तर साहेब वाचले असते का? बहुधा नाही. पण दारुडे म्हणून गेले नसते.

म्हणून नवा अर्ज लिहून आणला आहे. जे पाहिलं ते त्यात आहे. मी चार महिने झाकलं, हेही आहे. खाली पहिली सही माझी आहे. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. पहिल्या अर्जावर ज्यांनी अंगठे उठवले, त्यांची नावं मी घेणार नाही. कागद ह्या टेबलावर ठेवते. शाईही आहे.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. साहेबांबद्दल आपण फार बोललो.