होकार

(मत्स्यालयाच्या मागची मासळी साफ करायची खोली. पाहणी समिती नुकतीच गेली आहे. भाऊ माशांच्या कल्ल्यांत जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरतोय. त्याची थोरली बहीण, इथल्या प्राण्यांच्या खेळांची निवेदिका, पालथ्या बादलीवर बसली आहे.)

ताई : कान खाजवलास तू.

भाऊ : खाजला म्हणून खाजवला.

ताई : चोवीस वर्षं झाली, तुझा कान नेमका कुणी प्रश्न विचारला की खाजतो. आणि तुझा कान खाजला की आमच्या वहिनी मान हलवतात.

भाऊ : ओर्का आहे ती, देवमासा. तिला वहिनी म्हणू नकोस. कुणी ऐकलं तर काय म्हणेल?

ताई : मग काय म्हणू? आईने तुझ्यासाठी तीन मुली बघितल्या. तिघींना तुझ्या हातांना मासळीचा वास आला. ही एकटीच त्या वासावर खूश.

भाऊ : आमची ही बरी आहे. तू तिच्यात पडू नकोस.

ताई : बघ, ‘आमची ही’ म्हणालास. अरे, अध्यक्षांनी विचारलं, ‘तुला इथे बरं वाटतं ना?’ तू कान खाजवलास, तिने मान डोलावली, आणि ते गृहस्थ रुमालाने डोळे पुसत लिहायला लागले, ‘प्राण्याने स्वतः होकार दिला.’ सरकारी कागदावर. माझ्या लग्नातसुद्धा मला कुणी इतकं विचारलं नव्हतं.

भाऊ : तिच्या मनात असेल तसं. तुला काय ठाऊक?

ताई : परवा शाळेच्या पोरांसमोर मी तिला विचारलं, ‘तुला नऊचा पाढा येतो का?’ तेव्हाही ती हो म्हणाली.

भाऊ : तो खेळ होता.

ताई : आणि आजचा काय होता? त्या एका होकारावर तिला समुद्राच्या खाडीत सोडायचं रद्द झालं. जाळी लावलेली अख्खी खाडी रिकामी पडलीये, एकाच ओर्काची सोय आहे, आणि आपली तिथे जायची राहिली. कशामुळे? तुझ्या कानामुळे.

भाऊ : समुद्रात जाऊन करणार काय ती? दोन वर्षांची होती, तेव्हा आली. जिवंत मासा समोर आला तर मलाच शोधेल, गोळी कुठे भरलीये विचारायला. इथे वेळेवर खाणं आहे, डॉक्टर आहे, पाणी गाळून येतं. माझ्या घरी येत नाही गाळून.

ताई : आणि दात?

भाऊ : दातांचं काय?

ताई : लोखंडी दार चावून चावून झिजलेत, ते. तू रोज सकाळी पिचकारीने धुतोस, ते. लोक मला विचारतात, हिचा पाठीवरचा पंख असा लुळा का पडलाय? मी माइकवर गोड आवाजात सांगते, ‘वयोमानाने.’ सव्वीस वर्षांची आहे ती. माझं वय काढलं तर मी जमिनीवर सपाट पडायला हवी.

भाऊ : मग खरं सांगायचंस. तोंड कुणी धरलं होतं?

ताई : कुणी नाही. तेच तर. ‘पाहा, ती आनंदाने उडी मारतेय,’ हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेत म्हणते. मी काही धुतल्या तांदळाची नाही. पण मी नुसती बोलते. तू तिच्याकडून बोलवून घेतोस.

भाऊ : तुला काय जातं बोलायला. ती गेली की तू एखाद्या साड्यांच्या दुकानात माइक धरशील. मी काय करू? त्या खाडीवाल्यांचा नियम वाचलास? ओळखीच्या माणसाने वर्षभर तिच्या नजरेस पडायचं नाही. नाहीतर म्हणे ती काठाशीच घुटमळते. मी म्हणजे काय साथीचा रोग आहे?

ताई : म्हणजे कान चुकून नाही खाजला.

भाऊ : ऊठ, मला ती बादली हवीये.

ताई : भाऊ.

भाऊ : नाही चुकून.

ताई : बरं. निदान एकदा तरी तिला नीट विचार. हात खिशात घालून.

भाऊ : विचारलं.

ताई : कधी?

भाऊ : आज सकाळी. समिती यायच्या आधी. दोन्ही हात खिशात घातले आणि विचारलं, ‘तुला इथे बरं वाटतं ना?’

ताई : मग?

भाऊ : कानाकडे बघत राहिली.

ताई : कुठे?

भाऊ : माझ्या कानाकडे. पापणी न हलवता. मी वाट बघत उभा, आणि ती माझी वाट बघत.

ताई : मग तू काय केलंस?

भाऊ : खाजवला. तिचा मासा चुकू नये म्हणून. वाईट वाटलं गं मला. चोवीस वर्षांत मी तिला एकच उत्तर शिकवलं, आणि वर तिलाच विचारत बसलोय.

डॉक्टर : (ओर्काची डॉक्टर, हातात कागद घेऊन दारातून) येऊ का आत? भाऊ, समितीच्या अहवालावर साक्षीदार म्हणून तुमची सही राहिलीये. अध्यक्ष गाडीत थांबलेत. अजून डोळे पुसतायत.

ताई : द्या त्याला. पेन आहे त्याच्याकडे.

डॉक्टर : इथे, ‘होकार दिला’ याच्या खाली.

भाऊ : डॉक्टर, तो होकार तिचा नव्हता. माझा होता. मी खूण केली.

डॉक्टर : कान ना?

भाऊ : तुम्हाला माहीत होतं?

डॉक्टर : सहा वर्षं तिचे दात तपासतेय. ती तोंड उघडते तेव्हा तुम्ही काय करता आणि मिटते तेव्हा काय, सगळं पाठ आहे मला.

ताई : मग बोलला का नाहीत हो, बाई?

डॉक्टर : मी बोलले असते तर ते माझं मत झालं असतं, आणि माझ्या मताच्या तीन फायली त्यांच्याकडे धूळ खात पडल्यात. ज्याने खूण केली त्याने सांगितलं तर अहवालच बदलावा लागेल. भाऊ, लिहून देता का? विचार करून सांगा. दिलंत तर ती महिनाभरात जाईल.

भाऊ : तिला गोळी डाव्या कल्ल्यात लागते. उजव्या कल्ल्यातली थुंकते.

डॉक्टर : कळवेन त्यांना.

भाऊ : आणि दात धुताना आधी जीभ चोळायची. नाहीतर रुसते. दोन दिवस तोंड दाखवत नाही.

ताई : सासरी पाठवणी चाललीये.

भाऊ : ताई, गप्प बस जरा. डॉक्टर, मी समोर येणार नाही. नियम म्हणजे नियम. पण लांबून, काठावर उभं राहून हाक मारली, तर पार पलीकडे ऐकू जाईल का तिला?

डॉक्टर : नाही, भाऊ. पलीकडचा काठ दिसतसुद्धा नाही.

भाऊ : मग खाडी चांगलीच मोठी म्हणायची. द्या तो कागद.