अर्धी पोकळ गिटार

(टाकवे बुद्रुक, घरामागची पडवी. गुरुवारची सकाळ. म्हातारा हौशीराम, त्याचा मुलगा गौरव आणि सून रुपाली.)

हौशीराम : अजून पिळू का?

गौरव : काय?

हौशीराम : तार. अजून पिळू का म्हनलं.

गौरव : सूर दाखवणाऱ्या त्या क्लिपवर हिरवा दिवा आला की थांबायचं. आला?

हौशीराम : आला. चारी तारा झाल्या. जन्मभर कंपनीची लाकडी खोकी ठोकली, पर खोक्याला सूर लाव म्हनून कुनी सांगितलं नव्हतं.

गौरव : हे पण खोकंच आहे, आबा. ही बाजू भरीव, शिसमाची, तिच्यावर तारेचा आवाज पकडणारा पिकअप. ती बाजू पोकळ, फणसाची. वायर लावली तर इलेक्ट्रिक, काढली तर साधी. हायब्रिड बेस गिटार म्हणतात.

हौशीराम : म्हंजी खेचर.

गौरव : खेचरच म्हणा.

हौशीराम : वाईट न्हाई म्हनत मी. खेचर लय वज्झं वाहतंय.

रुपाली : चहा घ्या. आबा, हा तुमचा. अहो, चहा. अहो.

हौशीराम : खांद्याला हात लाव त्याच्या. तारंकडं ध्यान हाय.

रुपाली : तारेकडेच असतं हल्ली. एवढी पोकळ कशाला कोरली ही? जुनी तर भरीव होती.

गौरव : अं? पोकळ? स्टाइल आहे ती. ठेव कप तिथं. आबा, तो आवाज मोठा करायचा अँप चालू करा, वायर लावलीय मी. मग मी डोळे मिटून वाजवतो.

हौशीराम : ह्ये लाल बटन?

गौरव : तेच.

हौशीराम : दाबलं.

गौरव : आला, आला. बघा काय आवाज आहे. रुपाली, आत भांडी थरथरली असतील बघ. थोडा कमी करा, आबा, शेजारची नंदाबाई भांडायला येईल.

रुपाली : आबा...

हौशीराम : गप ऱ्हा जरा.

गौरव : हां. आता बरोबर. एवढाच ठेवा.

रुपाली : खांदाच हलवते त्यांचा. अहो, डोळे उघडा. इकडे बघा, माझ्या तोंडाकडे.

गौरव : काय झालं?

रुपाली : लाइट नाही.

गौरव : कधी गेली?

रुपाली : मी चहा गाळत होते तेव्हाच गेली. अँप लागलाच नाही.

हौशीराम : गुरवारी उशिरा जाती, आज लवकर गेली. त्याला काय ठावं.

रुपाली : लाइट गेली हे ठाऊक नसेल, आबा. पण आवाज कमी करा म्हणाले ते. कुठला आवाज?

गौरव : गिटार छातीला टेकली होती, तिथं जाणवत होतं. मला वाटलं अँपचंच.

रुपाली : कधीपासून आहे हे?

गौरव : उजवा कान लहानपणीच फुटला होता, आबांना माहीत आहे. डाव्यावर चाललं होतं. आता कंपनीत प्रेसच्या दणक्यात उभं राहून राहून डावा पण...

रुपाली : कंपनीत कानाची तपासणी झाली ना? नॉर्मल आलं म्हणालात.

गौरव : तपासणारा आवाजाचं बटण दाबताना हनुवटी खाली घ्यायचा. समोरच्या काचेत दिसायचं. हनुवटी हलली की आवाज आला म्हणून मी हात वर करायचो.

रुपाली : मोठी हुशारी केलीत.

गौरव : नापास केलं असतं तर घरी बसवलं असतं, रुपाली.

रुपाली : आणि सोमवारी काय झालं ते सांगू? आबा सांगत नाहीत म्हणून मी सांगते.

हौशीराम : ऱ्हाऊ दे की. बरी हाय आता ती.

रुपाली : आपल्या तान्ह्या प्रेरणाला तुमच्यापाशी ठेवून मी पाण्याला गेले होते. तुम्ही इथं बसून हे फणसाचं लाकूड घासत होतात, तिच्याकडे पाठ करून. ती खाटेवरून पडली. आबा शेतातून येईपर्यंत जमिनीवर पडून होती. रडून रडून ओठ निळे झाले होते तिचे, आणि तुम्ही चार पावलांवर घासत होतात.

गौरव : आबा? तुमी म्हणालात तिच्या कपाळावरची सूज म्हणजे डास चावलाय.

हौशीराम : म्हनलो. मंग काय म्हनू?

गौरव : मला सांगायचं होतं.

हौशीराम : सांगून ऐकू आलं असतं?

गौरव : धरा ही गिटार.

हौशीराम : चुकलं माजं. तोंडातनं गेलं.

रुपाली : सोडा आता हे सगळं. ही गिटार, ते लोणावळ्याच्या हॉटेलातलं वाजवणं. आधी कान बघू.

गौरव : ह्या शनिवारी नाही गेलो तर संपलं. ग्रुपमधल्या स्वराजनं तोंडावर सांगितलंय, बेस आता कीबोर्डवरच घेऊ म्हणून. कीबोर्डवाला डाव्या हातानं वाजवतो, वेगळा माणूस लागत नाही. मागच्या वेळी अख्खा ग्रुप एका पट्टीत आणि मी दुसऱ्याच. मला पत्ताच नाही. ड्रमवाल्याच्या पायाकडं बघून ठेका बरोबर धरला होता मी. जेवणाऱ्यातली एक बाई हसायला लागली, तेव्हा कळलं.

हौशीराम : मला तर पयल्यापास्नं पटलं न्हाई. माज्या बापानं धम्माची दीक्षा घेतली आन् हलगी सोडली. लोकाच्या दारात वाजवायचं न्हाई म्हनला. मला कदी हात लावू दिला न्हाई. आन् तू लोकं जेवत्यात तितं जाऊन वाजवतोस.

गौरव : आज्याला वाजव म्हणून हुकूम यायचा, आबा. मला कोण हुकूम करतंय? मी हौसेनं जातो. आठवडाभर लोखंड दाबतो, शनिवारी माणसात येतो. आणि एवढं पटत नव्हतं तर कोरायला कशाला बसलात?

हौशीराम : आतनं पोकळ करा म्हनलास तवाच समजलो. ज्याला कान हाय तो कशाला गिटारीला छाती लावून बसंल?

रुपाली : म्हणजे आबा, तुम्हाला माहीत होतं. आणि ती स्टाइल म्हणजे ही.

गौरव : जुनीवर एकदा हनुवटी टेकली होती. आवाज हाडातनं आत आला, थोडासाच. म्हटलं पोकळ केली तर जास्त येईल. मला भीती वाटते, रुपाली. खरं सांगतो. घरातलं बोलणं अर्धं तोंडाकडं बघून कळतं. हे पण गेलं तर आत नुसती शांतता.

रुपाली : मग येतो का आवाज हिच्यातून?

गौरव : येतो. आत्ता आला की.

रुपाली : बघू. छातीला धरा आणि डोळे मिटा. मिटल्यावर माझं बोलणं कळणार नाही, म्हणून आधीच सांगते. आबा तार ओढतील, कुठली ते तुम्ही सांगायचं. बरोबर आलं की मी गुडघ्यावर थाप मारीन.

गौरव : मिटले.

रुपाली : ओढा, आबा.

गौरव : जाड. सगळ्यात जाड.

रुपाली : हं.

गौरव : थाप मारलीस ना? हां. आता तिच्या शेजारची. आता पुन्हा जाड.

हौशीराम : तिन्ही डाव बराबर सांगितलं गं त्यानं.

रुपाली : बारीक ओढा आता.

हौशीराम : वढली.

रुपाली : पुन्हा.

हौशीराम : वढली की.

गौरव : ओढा ना, आबा.

रुपाली : ती दुसरी बारीक. जोरात.

हौशीराम : ह्याच्यापरीस जोरात वढली तर तुटंल.

गौरव : आबा, थांबलात का?

हौशीराम : मार त्याच्या गुडघ्यावर थाप.

रुपाली : काय म्हणून? काही सांगितलंच नाही त्यांनी.

हौशीराम : मार म्हनतो. पोराचं तोंड बघ जरा.

रुपाली : नाही आबा. डास चावला म्हणून एकदा खोटं झालं. अहो... हा खांदा हलवते तुमचा, उघडा डोळे.

गौरव : किती ओढल्या?

रुपाली : चारही.

गौरव : बारक्या पण?

रुपाली : दोन्ही. पुन्हा पुन्हा.

गौरव : हं.

हौशीराम : लाकूड वलं आसंल अजून. फनस सुकाया टाइम घेतो. उन्हाळा जाऊ दे, मंग बघ.

गौरव : लाकूड सुकलंय, आबा. तुमीच दोन वर्षं माळ्यावर ठेवलं होतं.

हौशीराम : मंग पाठ अजून पातळ करतो. पटाशी आन गं आतली.

गौरव : नको. फुटेल. बारक्या दोन काढून टाका.

हौशीराम : आत्ताच तर चढवल्या.

गौरव : ज्या मला कळत नाहीत त्यांच्यावरच बोट चुकतं. जाड दोन राहू द्या.

हौशीराम : दोन तारात गानं व्हतंय?

गौरव : गाणं स्वराज गातो. मला खालून धरून ठेवायचं असतं फक्त, तेवढं दोनमध्ये होतं. बेसवाल्याकडं बघतंय कोण?

रुपाली : शनिवारी तुमचं झालं की सोमवारी तळेगावला कानाच्या डॉक्टरकडे जायचं. आणि तिथं काचेत बघायचं नाही.

गौरव : नाही बघणार. आणि ऐक, प्रेरणाला माझ्यापाशी एकटी ठेवत जाऊ नकोस.

रुपाली : नाही ठेवणार.

गौरव : रागावून नको म्हणूस.

रुपाली : रागावून नाही म्हणत. कपाळावरचं उतरलंय तिचं. निजली आहे आत.

हौशीराम : ही खुंटी लय घट्ट बसलीया. फिरंना.

गौरव : उलटी फिरवा, आबा. हां, सुटतेय बघा. सावकाश.

रुपाली : आणि उरलेल्या या दोन जाड पण कळेनाशा झाल्या की?

गौरव : काय म्हणालीस?

रुपाली : काही नाही. आबांना पक्कड देऊ का, म्हटलं.