जुनी पट्टी सोबत

मेडशीहून वाशिमला निघालेल्या एसटीत पुढच्या सीटवरचं नवरा-बायकोचं बोलणं ऐकून टीनानं कानातला इअरफोन हळूच काढला.

"अवो, चंदाच्या लॅपटॉपले कोनती मेमरी बसते, हे दुकानदाराले कसं कळन?"

"नमुना आनला ना. मोटरपंपाची बेरिंग घ्याले जातो, तवा जुनी नेतोच का नाई?"

"नमुना कुठचा?"

"तिच्याच लॅपटॉपातली पट्टी काढली. हे पाय, रुमालात बांधली."

"मंग लॅपटॉप चालू कसा होईन?"

"आपन येतवर बंदच राहीन. मोटर खोलली का चालते काय?"

"तिले इचारलं?"

"झोपली होती पोरगी. कायले उठवाचं?"

"अवो, आज तिची मुलाखत हाय. त्याच लॅपटॉपवर, अकरा वाजता."

तेवढ्यात फोन वाजला.

"चंदाच हाय. उचला."

"तूच उचल. सांग, बाप झोपला."