लॅकोनिक मामा

अरे, 'लॅकोनिक' या इंग्रजी शब्दाचा अर्थ मास्तरांनी सांगितला, पण मला तो कळला आमच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावला, मामाच्या मांडवात.

निजामाचं राज्य होतं. हिंगोलीच्या शाळेत आमचे मास्तर इंग्रजीसुद्धा उर्दूतून शिकवायचे. म्हणाले, "लॅकोनिया नावाचा ग्रीकांचा मुलूख होता. तिथली माणसं फार कमी बोलायची. एका राजानं धमकी पाठवली, 'अगर मी तुमच्या मुलखात शिरलो, तर एक घर उभं ठेवणार नाही.' त्यांनी उलट एकच शब्द धाडला, 'अगर.' त्यांच्यावरूनच हा शब्द आला."

त्याच उन्हाळ्यात मामाच्या पोरीचं लग्न निघालं. मानाचा फेटा चुकून आधी नवरदेवाच्या मामाला बांधला गेला. झालं, व्याही रुसले आणि वऱ्हाड घेऊन मारुतीच्या पारावर जाऊन बसले. त्यांचा भाऊ निरोप घेऊन आला, "व्याही म्हणून राहिले, अगर आमी वऱ्हाड माघारी नेलं, तर तुमच्या पोरीला कोण करून घेईल?"

मामी रडायला लागली. आता आमच्याकडं वऱ्हाड जेवल्याशिवाय गावाची पंगत बसत नाही. मामानं पत्रावळ्यांचा गठ्ठा उचलला आणि एक शब्द न बोलता गावकऱ्यांपुढं मांडत सुटला.

भात पडायच्या आत व्याही धावत आले. "अवो, थांबा की! आधी अक्षता तर पडू द्या!"

संध्याकाळी मी मामाला लॅकोनियाची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. मामा सुपारी कातरत ऐकत होता. शेवटी म्हणाला,

"एक शब्द तरी काहून घालवला?"