येळवशीला पेटवलेले इंजिन

नाव: सौ. शिवकन्या रामलिंग कोरे, वय ५६ वर्षे, व्यवसाय: भांड्यांचे दुकान, रा. लातूर.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी लातूर येथे कुटुंबासह राहते. इथल्या रेल्वे संग्रहालयातले छोट्या लाईनचे जुने वाफेचे इंजिन आम्ही चार जण हौसेने, बिनपगारी दुरुस्त करतो. पितळेचे काम माझ्याकडे. लोखंडाचे काम एस.टी.तून निवृत्त झालेले शेषेराव बघतात. इंजिनाने या महिन्यात वाफ धरली नाही, तर ते पुण्याच्या एका बागेत शोभेला उभे करणार आहेत. मला ते सहन होणार नाही, हे जबाबात घ्यावे.

फिर्यादी रुद्रेश साहेब हे संग्रहालयाचे नवे व्यवस्थापक, नागपूरकडचे. चाचणीची तारीख त्यांनीच दिली. त्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, असते आणि अख्खे लातूर रानात जेवायला जाते, हे त्यांना माहीत नव्हते. आम्हीही सांगितले नाही, कारण तारीख पुढे गेली असती तर महिना संपला असता.

आज सकाळी भट्टी पेटवली. पेटलेली भट्टी सोडून जाता येत नाही आणि येळवस चुकवता येत नाही. तेव्हा शेषेराव म्हणाले, "रानात जाता येत न्हाई, तर रानच हितं आणू की." त्याप्रमाणे इंजिनाशेजारी कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारली, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा केली आणि शेताभोवती शिंपडतात तसे आंबील इंजिनाभोवती शिंपडले. फिर्यादीत 'अज्ञात पांढरा द्रव' म्हटले आहे ते हेच. ताक आणि ज्वारीचे पीठ. साहेब स्वतः दोन तांबे प्यायले आहेत.

येळवशीचे भज्जी-उंडे जेवून साहेब ऑफिसात गेले. नंतर इंजिनाच्या चिमणीतून धूर निघाला, तो त्यांना कोपीचा वाटला. सरकारी मालमत्ता जळते आहे, असा फोन त्यांनी पोलिसांना केला. कडबा भट्टीच्या फार जवळ होता, हे मला मान्य आहे. पण तो पेटला नाही. तरी आम्हा चौघांना गाडीत घालून इथे आणले. वाफ धरायला थोडाच वेळ उरला होता, ते मी सांगितले, कोणी ऐकले नाही. इंजिनाजवळ एकटे साहेब राहिले.

इथे आल्यावर साहेबांचा फोन आला. भट्टी विझवू का, असे त्यांनी विचारले. शेषेराव म्हणाले, "विझवू नगा साहेब. कोळसा टाका. आता सोडलं तर पुन्हा न्हाई." त्यानंतर फोन आला नाही. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे.

जबाब इथवर लिहून झाला असता बाहेरून इंजिनाची शिट्टी ऐकू आली. वाफ धरल्याशिवाय ती वाजत नाही. हवालदारांनी पेन थांबवले. आम्ही चौघे इथेच बाकावर होतो. शिट्टीची दोरी ओढायला साहेबांना आमच्यापैकी कोणीही सांगितले नव्हते. मला रडू आले. ते लिहू नका असे मी म्हणाले, त्यांनी लिहिले.

जबाब मला वाचून दाखवला. शिट्ट्या थांबेनात म्हणून मधला भाग दोनदा वाचावा लागला. मी सांगितले तसाच आहे, बरोबर आहे.