विहिरीतलं कासव

अमरावतीच्या जनावरांच्या दवाखान्यात कुंदाताई मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी नांदगाव खंडेश्वरकडचे एक म्हातारे शेतकरी आणि त्यांची सून. दोघांच्या मधल्या बादलीत, ओल्या पोत्याखाली, कासव होतं.

"मामाजी, हे हालूनच नाही राहिलं."

"चार दिसांचं उपाशी हाय ते, प्रणाली. हालन कसं?"

"गांडुळं टाकली, मासोळी टाकली. वास घेते अन् तोंड फिरवते."

"विहिरीत त्याचं खाणं उरलंच कुठं? बेंडकं गेली, शेवाळ गेलं. कपाशीवर फवारलं का सारं विहिरीतच उतरते."

"मागचं कासव मेलं तवा डॉक्टर काय म्हणले होते?"

"पोट फाडून पाह्यलं त्याईनं. म्हणे, कासवाच्या आतड्यात बारीक बारीक जीव राहतात, खाल्लेलं पचवणारे. याच्यात एकबी जित्ता नाही."

"म्हणजे आतून ते पयलेच मेलं होतं?"

"हो. अन् वरून महिनाभर पोहत होतं."

कुंदाताईंनी टोपली जवळ ओढली.

"मामाजी, आपल्या आचलचा शाळेचा डबा कालबी तसाच वापस आला. भूकच नाही लागत म्हणे."

"कवापासून?"

"सोमवारपासून."

"आज गुरुवार."

"हो."

"अन् पाणी कुठलं पिते पोरगी?"

"आपण सारेच विहिरीचं पितो ना, मामाजी."

"कासववाले, या आत!" शिपायानं हाक दिली.

म्हातारे उठले, पण आत गेले नाहीत.

"आमचा नंबर दुसऱ्याले द्या. चाल प्रणाली, पोरीले शाळेतून काढू अन् मोठ्या दवाखान्यात नेऊ."

बादली तिथंच राहिली.